दुधासाठी पात्र : काच की कागद?

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी दिंडोरी तालुक्यातील माझ्या मामांच्या गावी गेले होते. भाऊबीज आटोपल्यावर मामांनी फडताळातून दोन वस्तू काढून माझ्यापुढे ठेवल्या. एक अर्ध्या लिटरची काचेची बाटली आणि दुसरा दुधाचा रिकामा कागदी खोका. म्हणाले, "तू अर्थशास्त्र घेतलंयस ना? मग मांड हिशेब आणि सांग, यातलं आपल्याला काय परवडेल?"

प्रश्न सहज विचारलेला नव्हता. मामांच्या गोठ्यात रोज सुमारे शंभर लिटर दूध निघते. त्यांपैकी निम्मे गावच्या संकलन केंद्रावर जाते व निम्मे थोरला मामेभाऊ मोटारसायकलला कॅन अडकवून नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूस रतिबाने घालतो. कॅनमधून मापाने दूध ओतणे हे नव्या इमारतींतील गिऱ्हाइकांना आता स्वच्छ वाटत नाही. काहींनी काचेच्या बाटलीचा आग्रह धरला. कोणा एका दलालाने खोक्याची कल्पना मामांच्या डोक्यात घातली. दोहोंपैकी काहीही करायचे तर पैसा हवा, आणि घरात असलेला पैसा धाकट्या मामेबहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूस ठेवलेला होता. चार दिवसांत उत्तर देते असे मी सांगितले. प्रत्यक्षात दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांतील वाचन, विचारपूस आणि आकडेमोड यांतून प्रस्तुत लेख तयार झाला आहे. विषय दुधाचा असला तरी वर्गात सरांनी शिकवलेला 'बाह्य खर्च' मला पुस्तकापेक्षा या बाटलीतच अधिक स्पष्ट दिसला, म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम एक मूलभूत शंका. दुधाला बंद पात्र लागतेच कशाला? जुन्या नाशकात दूध बाजार नावाचा भाग आजही आहे. तेथे पिढ्यान् पिढ्या दूध सुटे विकले गेले. घरून आणलेली चरवी किंवा तांब्या हेच गिऱ्हाइकाचे पात्र. वेष्टनाचा खर्च शून्य आणि कचराही शून्य. परंतु अशा व्यवहारात एक गोष्ट गृहीत असते, ती म्हणजे गवळी व गिऱ्हाईक यांची ओळख. शहर वाढले की ओळख पातळ होते आणि दूधही! पाणी घातलेल्या दुधाची तक्रार जगातील सर्व मोठ्या शहरांत झालेली आहे. बंद बाटली जन्माला आली ती या अविश्वासापोटी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील पॉट्सडॅम या गावी डॉ. हार्वे थॅचर यांनी १८८४ च्या सुमारास दुधाची बाटली प्रचारात आणली. उघड्या कॅनमधून रस्त्यावरच्या धुळीत ओतले जाणारे दूध त्यांना डाचत होते. म्हणजे बाटलीने प्रथम विकला तो भरवसा. दूध त्यात आले ते नंतर.

आपल्याकडे हा भरवसा मोठ्या प्रमाणावर आणला तो मुंबईच्या दूध योजनेने. गोरेगावजवळील आरे वसाहत १९४९ साली उभी राहिली व १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरात दाटीवाटीने असलेले म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत आणि दूध निर्जंतुक करून बंद बाटलीतून घरोघर पोचवावे, ही त्यामागील कल्पना. या योजनेचे सूत्रधार दारा खुरोडी यांना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीच्या सकस दुधात पाणी व स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्वस्त 'टोन्ड' दूध करण्याची युक्तीही खुरोडींचीच. (पाणी घालणे गवळ्याच्या हातून झाले तर लबाडी आणि सरकारी दुग्धशाळेत झाले तर शास्त्र, असा विनोद आमच्या घरी अजून होतो. पण फरक आहेच. येथे किती घातले ते जाहीर असते.)

माझी आजी लग्नानंतर काही वर्षे परळला राहिली. आरेच्या बाटलीविषयी तिला विचारले की ती दुधाबद्दल फारसे बोलत नाही, रांगेबद्दल बोलते. पहाटे अंधारात केंद्रापुढे रांग लागायची. हातात दुधाचे कार्ड आणि पिशवीत धुतलेल्या रिकाम्या बाटल्या. ज्याला उभे राहणे शक्य नसेल तो आपली रिकामी बाटली रांगेत ठेवून घरी परते आणि बाटली त्याच्या जागी उभी राही. रिकामी दिली की भरलेली मिळे. पत्र्यासारख्या पातळ चंदेरी टोपणांचा साठा पोरे करीत. केंद्रावर शिकणाऱ्या मुली कामाला असत. दोन तास दूध वाटून कॉलेजला जात.

आजीच्या या आठवणींत माझ्या सबंध प्रश्नाचे उत्तर दडलेले होते, पण ते माझ्या ध्यानात फार उशिरा आले. ते कसे, हे पुढे येईलच.

आता कागदी खोक्याकडे वळू. त्याचाही इतिहास रंजक आहे. अमेरिकेतील टोलेडो शहरातील जॉन व्हॅन वॉर्मर याने १९१५ साली मेणाचा थर दिलेल्या कागदी डब्याचे पेटंट घेतले. त्या काळी कागद मेणात बुडवीत, पुढे त्यावर प्लास्टिकचा थर आला. स्वीडनमध्ये रुबेन राउसिंग यांनी १९५१ साली टेट्रा पॅक ही कंपनी काढली. तिचे पहिले खोके चार त्रिकोणी बाजूंचे होते आणि नावातील 'टेट्रा' म्हणजे चार. विटेच्या आकाराचा खोका १९६३ मध्ये आला. आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला हा खोका माहीत झाला तो १९८५ साली आलेल्या 'फ्रूटी' या आंब्याच्या पेयामुळे. आज या कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे.

हा खोका 'कागदी' म्हणणे मात्र अर्धसत्य आहे. त्यात सहा थर असतात. वजनाने सुमारे पाऊण भाग कागद, एक पंचमांश प्लास्टिक आणि पाच टक्के ॲल्युमिनियम. कागद आकार देतो, प्लास्टिक ओल अडवते, आणि ॲल्युमिनियम प्रकाश व हवा अडवते. आत भरलेले दूध १३५ अंशांहून अधिक तापमानाला दोन-चार सेकंद तापवून एकदम थंड केलेले असते आणि खोकाही निर्जंतुक केलेला असतो. त्यामुळे न उघडता ते महिनोन् महिने बाहेर टिकते. बाटलीतले किंवा पिशवीतले दूध ७२ अंशांला १५ सेकंद तापवलेले असते. त्याला शीतकपाट लागते आणि दोन-तीन दिवसांत ते संपवावे लागते. तात्पर्य, खोका हा केवळ वेष्टनाचा प्रकार नाही. लडाखमधील सैनिक, पुरात अडकलेले गाव, रेल्वेत लहान मूल घेऊन निघालेली आई यांना त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. अंतर आणि काळ या दोन शत्रूंशी लढण्यासाठी तो तयार झाला आहे.

मामांच्या दुधाला मात्र हे दोन्ही शत्रू नाहीत. पहाटे काढलेले दूध साडेसहाला गंगापूर रोडला पोचते आणि नवाच्या आत उकळलेले असते. त्याला सहा महिन्यांचे आयुष्य देण्यासाठी कोट्यवधींची यंत्रे वापरायची, हे तालुक्याच्या गावी जायला विमान भाड्याने घेण्यासारखे झाले. शिवाय एक घरगुती अडचण. खोक्यातील दुधातले स्निग्धांशाचे कण यंत्राने बारीक फोडलेले असतात, त्यामुळे त्यावर साय धरत नाही. आजीने एकदा ते दूध तापवून पाहिले, झाकण काढले आणि म्हणाली, "याला काही जीव नाही." ज्या घरात आठवड्याच्या सायीचे लोणी आणि लोण्याचे तूप होते, त्या घरचा हिशेब निराळा असतो, आणि खोक्याच्या किमतीत ते तूप धरलेले नसते. खोका मी पहिल्याच आठवड्यात बाद केला.

राहिली बाटली. तिच्या बाजूने माझे मन आधीपासूनच होते, हे कबूल करते. काच स्वच्छ, तिला वास लागत नाही, ती दुधात काही सोडत नाही, पुनः पुन्हा वापरता येते. आपल्या महाराष्ट्राला तर काचेचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली निघाला. कराडजवळ ओगल्यांचा कारखाना १९१६ साली सुरू झाला आणि त्याच्या प्रभाकर कंदिलाने किती खेडी उजळली! परंतु अभिमान हा हिशेबाचा रकाना नव्हे. म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले.

मामांची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली ३४० ग्रॅम भरली. एक लिटरचा रिकामा खोका २८ ग्रॅम. धुऊन वाळवलेल्या अर्ध्या लिटरच्या दहा पिशव्या मिळून ३१ ग्रॅम, म्हणजे एक पिशवी तीन ग्रॅमांची. आता दहा लिटर दूध न्यायचे आहे असे धरा. पिशव्यांचे वजन ६२ ग्रॅम, खोक्यांचे २८० ग्रॅम आणि बाटल्यांचे ६ किलो ८०० ग्रॅम! मामांच्या पन्नास लिटर दुधासाठी शंभर बाटल्या, म्हणजे ३४ किलो काच, शिवाय क्रेट. दूध उतरले की कॅन रिकामा होतो. काच मात्र तेवढीच वजनदार राहून घरी परत येते. मोटारसायकलवर हे शक्य नाही. तीनचाकी टेम्पो हवा. येथे मला उमगले की मामांना कर्ज बाटल्यांसाठी काढावे लागणारच नव्हते. ते लागणार होते टेम्पोसाठी.

पिशवी का जिंकली, याचे उत्तर या तीन ग्रॅमांत आहे. १९७० साली सुरू झालेल्या 'दुधाच्या महापुरा'नंतर दूध वाढले, दुग्धशाळा वाढल्या, दुधाचे टँकर जिल्ह्याजिल्ह्यांतून मुंबईकडे धावू लागले. कसारा घाट उतरून दूध न्यायचे आणि रिकामी काच पुन्हा घाट चढवून आणायची, हे कोणाला परवडावे? बाटली हरली ती घाटात, असे म्हणायला हरकत नाही. इंग्लंडसारख्या बाटलीच्या माहेरघरी हेच झाले. तेथे १९७५ साली शंभरांतले ९४ हिस्से दूध काचेच्या बाटलीतून जात होते. चाळीस वर्षांत ते प्रमाण शंभरात चार-पाचांच्या आत आले. (तेथील चिमुकले निळे पक्षी दारातल्या बाटल्यांची टोपणे चोचीने फोडून साय खात, अशी पहिली नोंद १९२१ ची आहे. बाटल्या गेल्या, आणि त्या पक्ष्यांची न्याहारीही गेली.)

पण वजन हा बाटलीविरुद्धचा अर्धाच पुरावा आहे. तिच्या बाजूचा पुरावा तिच्या फेऱ्यांत आहे. काच वितळवायला सुमारे दीड हजार अंश उष्णता लागते. एकदाच वापरून फेकली तर बाटलीइतके उधळे पात्र नाही, आणि अनेकदा वापरली तर तो खर्च वाटला जातो. मग बाटली किती फेऱ्या करते? येथे एक सोपे गणित आहे आणि ते प्रत्येकाने करून पाहावे असे मला वाटते. दर फेरीला शंभरांतल्या ९८ बाटल्या परत येत असतील, तर एक बाटली सरासरी ५० फेऱ्या करते. ९५ येत असतील तर २० फेऱ्या, ९० तर १० आणि ८० तर अवघ्या ५. समजा बाटलीची किंमत २० रुपये आहे. मग एका फेरीचा काचखर्च अनुक्रमे ४० पैसे, १ रुपया, २ रुपये आणि ४ रुपये पडतो. ९८ आणि ९० यांत कानाला फरक थोडा वाटतो; हिशेबात तो पाचपट आहे. बाटलीचे सारे अर्थशास्त्र तिच्या काचेत नाही, ते परत येण्यात आहे.

हे कळल्यावर मामांनी चाळीस बाटल्या आणून प्रयोग करायचे ठरवले. रोज वीस घालायच्या आणि वीस घरी धुण्यात. मी प्रत्येकीवर तळाशी रंगाने क्रमांक टाकला आणि वही घातली. पंधरा दिवसांत तीनशे फेऱ्या झाल्या आणि नऊ बाटल्या कमी भरल्या. म्हणजे एक बाटली सरासरी तेहतीस फेऱ्यांची धनी; काचखर्च साठ पैसे. वाईट नाही! परंतु नऊंचा शोध घेतला तेव्हा खरी मौज कळली. चार फुटल्या, त्यांतल्या दोन आमच्याच अंगणात. उरलेल्या पाचही एकाच मोठ्या इमारतीतून नाहीशा झालेल्या, जेथे दूध पहारेकऱ्याजवळ ठेवून यावे लागे आणि गिऱ्हाइकाचे तोंड कधी दिसत नसे. एकीत तूरडाळ होती. एका घराला कुलूप होते, माणसे पुण्याला गेलेली. चार क्रमांकाच्या बाटलीत मनीप्लँट लावलेला मी स्वतः खिडकीतून पाहिला. याउलट ज्या रो-हाउसच्या ओळीत मामेभाऊ दार वाजवून "रिकामी द्या, काकू" म्हणतो, तेथून एकही बाटली हरवली नाही.

येथे मला आजीची रांग आठवली. आरेची बाटली परत येत होती ती लोक अधिक सज्जन होते म्हणून नव्हे. कार्ड एका केंद्राला बांधलेले, गिऱ्हाईक रोजचे, आणि रिकामी दिल्याशिवाय भरलेली नाही. टंचाईनेच ती साखळी घट्ट ठेवली होती. दूध मुबलक झाले, कोणीही कोठूनही घ्यावे अशी सोय झाली आणि साखळी तुटली. टंचाई परत यावी असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. पण बाटलीच्या आठवणीने हळवे होणाऱ्यांनी त्या रांगेचीही आठवण ठेवावी, असे माझे मत आहे.

पिशवीला मात्र परतीची वाट पहिल्यापासूनच नाही, आणि येथेच बाह्य खर्चाचा धडा येतो. जो खर्च विकणारा देत नाही व घेणाराही देत नाही, तो तिसऱ्याच्या माथी पडतो. पंचवटीत मोकाट गाई उकिरड्यावर उष्ट्यासकट दुधाच्या पिशव्या चघळताना आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पशुवैद्य गाईंच्या पोटातून प्लास्टिकचे गोळे काढतात. गाईच्या दुधाची पिशवी गाईच्याच पोटात जावी, याहून क्रूर योगायोग कोणता? महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुधाच्या जाड पिशव्या वगळल्या, पण प्रत्येक पिशवी पन्नास पैशांना परत घेण्याची अट घातली. पुढे २०१९ साली विधिमंडळात सांगण्यात आले की, राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या टाकल्या जातात आणि त्यांचे वजन ३१ टन होते. (भागाकार करून पाहा. माझ्या वजनकाट्यावरचे तीन ग्रॅम बरोबर निघतात, याचा मला झालेला आनंद वाचकांनी समजून घ्यावा.)

पन्नास पैशांची ती कल्पना मुळात बाटलीची साखळी पिशवीला जोडण्याची होती, आणि ती मला शहाणपणाची वाटते. परंतु दूध संघांनी विरोध केला, आणि आमच्या गल्लीतल्या दुकानात तरी मला आजवर कोणी पन्नास पैसे परत दिलेले नाहीत. एकेका पैशातून काच कारखाना काढणाऱ्या प्रांतात आता पन्नास पैशांसाठी कोणी वाकत नाही. तरीही पिशवीवर अन्याय नको. धुऊन वाळवलेली पिशवी भंगारवाला आनंदाने घेतो, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते व तिचे पुन्हा दाणे होतात. सहा थरांच्या खोक्याला असा सहज गिऱ्हाईक नाही. त्याचा लगदा करून कागद वेगळा काढणारे कारखाने आहेत, पण घंटागाडीत ओल्या कचऱ्यात मिसळून गेलेला खोका तेथवर पोचत नाही. एक छोटी सूचना येथेच करून ठेवते. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून काढू नका, चीर देऊन लोंबता ठेवा. तो चिमुकला तुकडा कोणाच्याही हाती न लागता गटारात व तेथून गोदावरीत जातो.

बाटलीचे दोन दोषही सांगायला हवेत, कारण तिच्या जाहिरातीत ते नसतात. पहिला प्रकाशाचा. दुधातील 'ब-२' हे जीवनसत्त्व उन्हाने नष्ट होते आणि दुधाला जळकट वास येतो. फाटकावर कोवळ्या उन्हात तासभर राहिलेली बाटली सुंदर दिसते, पण आतल्या दुधाचे नुकसान चालू असते. दुसरा अधिक गंभीर. मामांचे दूध कच्चे असते. काचेतून पांढरेपणा दिसतो, जंतू दिसत नाहीत. काचेत घातले म्हणून कच्चे दूध सुरक्षित होत नाही, ते उकळलेच पाहिजे. बाटलीवर तशी चिठ्ठी लावायची, ही अट मी मामांना घातली आणि त्यांनी ती मान्य केली.

हिशेब असा पूर्ण झाला. मी वहीचे पान सुवाच्य अक्षरात उतरवून मामांपुढे ठेवले. काच ६० पैसे, टोपण, सोडा, सरपण, टेम्पोचा हप्ता, डिझेल, सर्व काही. मामा चष्मा लावून वाचत होते. मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी मागे न वळता विचारले, "हिशेब छान केलास गं. पण बाटल्या धुणार कोण, ते लिहिलंस का?"

लिहिले नव्हते. पंधरा दिवस रोज वीस बाटल्या मामी धूत होत्या. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायच्या, ब्रशाने आतून घासायच्या, दोनदा खळखळून पुन्हा उकळत्या पाण्यातून काढायच्या, उलट्या घालायच्या. त्यांच्या बोटांची सालपटे निघाली होती, तीही मी पाहिली होती. पण वहीत त्यांना रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बसले. वीस बाटल्यांना पाऊण तास. शंभर झाल्या तर पावणेचार तास, रोज. समजा त्या वेळेची किंमत ताशी ५० रुपये धरली, तर एका बाटलीमागे पावणेदोन रुपयांहून अधिक खर्च येतो, म्हणजे काचेच्या तिप्पट. दुग्धशाळेत हेच काम यंत्र करते व त्याचा घसारा ताळेबंदात लिहिला जातो. घरातल्या बाईचा घसारा कोठे लिहायचा? बाह्य खर्च म्हणजे दूरच्या नदीला किंवा रस्त्यावरच्या गाईला पडणारा खर्च, अशी माझी समजूत होती. तो माजघरातही पडतो.

नव्या हिशेबाप्रमाणे जे ठरले ते असे. टेम्पो घ्यायचा नाही. प्रवेशाच्या पैशाला हात लावायचा नाही. मोठ्या इमारतीला बाटली नाही; ज्यांना मापाने नको असेल त्यांनी दुकानची पिशवी घ्यावी. रो-हाउसच्या ओळीतील अठरा घरांना मात्र बाटली, तीही आता एक लिटरची, कारण दोन अर्ध्या लिटरच्या बाटल्यांपेक्षा एका मोठीला काच कमी लागते व धुणे निम्मे होते. कॅनच्या दुसऱ्या बाजूस एकच क्रेट मोटारसायकलला मावतो. दर बाटलीमागे पंचवीस रुपये अनामत, आणि आरेचा जुना नियम : रिकामी दिल्याशिवाय भरलेली नाही. धुण्याबद्दल बाटलीमागे दोन रुपये मामींच्या हातात, रोजच्या रोज. हे शेवटचे कलम मामींनी स्वतः घालून घेतले. सोड्यासाठी रबरी हातमोजे नाशकाहून मी नेऊन दिले.

सध्या छत्तीस मोठ्या बाटल्या फिरत आहेत. वही आता मामींकडे असते. गेल्या खेपेस मी ती चाळली, तर जुन्या प्रयोगाच्या पानावर त्यांच्या हस्ताक्षरात एक नवी ओळ होती : "नंबर चार परत आली. मुळांचे डाग निघत नाहीत." ती बाटली त्यांनी खिडकीत ठेवली आहे. शेवग्याच्या बिया भरून.